पायथनमधून गूगल कॅलेंडरात अपॉइंटमेंट: एरर नाही, पण नोंदही दिसत नाही

खानापूरकर
दवाखान्याच्या अपॉइंटमेंट शीटमध्ये आहेत, नावं काही मराठीत, काही कन्नडमध्ये. स्क्रिप्ट सर्व्हिस अकाउंट (माणसाचं नव्हे, प्रोग्रामसाठीचं गूगल खातं) वापरून त्या कॅलेंडरात घालते. इव्हेंट आयडी परत येतो, पण डॉक्टरांच्या मोबाईलवर काहीच नाही. पेशंटला अटेंडी (निमंत्रित) म्हणून जोडलं की ४०३, म्हणजे परवानगी नसल्याचा एरर. काय तपासू?

टिळकवाडी_पायथन
कॅलेंडर आयडीच्या जागी 'प्रायमरी' आहे का बघा की. सर्व्हिस अकाउंटचं प्रायमरी म्हणजे त्याचं स्वतःचं कॅलेंडर, सगळ्या नोंदी तिथं साचल्यात. डॉक्टरांच्या कॅलेंडरच्या शेअरिंगमध्ये त्या अकाउंटचा ईमेल घाला, इव्हेंट बदलायची परवानगी द्या आणि कोडमध्ये त्याच कॅलेंडरचा आयडी लिहा.

मग वेळ तपासा. सकाळी १० ची अपॉइंटमेंट दुपारी ३:३० ला दिसली तर वेळेच्या शेवटी झेड लागलाय, म्हणजे ती यूटीसी (भारताच्या साडेपाच तास मागची जागतिक प्रमाणवेळ) धरली गेली. +०५:३० लावा, टाइमझोन एशिया/कोलकाता द्या.

स्क्रिप्ट परत चालली की नोंदी दुबार होतात, म्हणून इव्हेंट आयडी आपणच द्यायचा. त्यात फक्त ए ते व्ही ही लहान अक्षरं आणि ० ते ९ चालतात, लांबी किमान ५. अपॉइंटमेंटच्या नोंदणी क्रमांकाचा शा-१ हॅश (त्यावरून काढलेला ठरावीक लांबीचा कोड) हेक्समध्ये, म्हणजे ०-९ आणि ए-एफमध्ये काढला की बसतो. शीटचा रो नंबर मुळीच वापरू नका, सॉर्ट केलं की बदलतो. तारखेवरूनही नको, तारीख बदलली की नवीनच इव्हेंट होईल. ४०९ (हा आयडी आधीच आहे) एरर आला तर इन्सर्टऐवजी अपडेट करा.

आणि शीर्षकात आजाराचं नाव कृपा करून घालू नका. मोबाईलच्या नोटिफिकेशनमध्ये ते कुणालाही दिसतं.

निपाणी_डेव्ह
४०३ चं कारण: डोमेन-वाइड डेलिगेशन (संस्थेतल्या लोकांच्या वतीनं काम करायची ॲडमिनची परवानगी) नसलेलं सर्व्हिस अकाउंट निमंत्रण पाठवू शकत नाही. अटेंडी काढून टाका आणि पेशंटला आयसीएस फाइल (कुठल्याही कॅलेंडरात उघडणारी नोंद) मेल करा.

तिथं नावं जपा. आयसीएसमध्ये एका ओळीत ७५ बाइटपेक्षा जास्त नको, आणि देवनागरी असो की कन्नड, प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट लागतात. मात्रा, अनुस्वारही वेगळे मोजायचे. शीर्षकाच्या ओळीत सुरुवातीला येणाऱ्या 'समरी' (SUMMARY) आणि कोलनचे ८ बाइट गेले की जेमतेम २२ चिन्हं उरतात. ओळ अक्षराच्या मधोमध तुटली की काही ॲपमध्ये तिथं चौकोन उमटतात. हाताने तोडत बसण्यापेक्षा पायथनची आयकॅलेंडर लायब्ररी घ्या.

खानापूरकर
कॅलेंडर आयडी बदलला, नोंदी दिसल्या. पण रद्द केलेली अपॉइंटमेंट त्याच क्रमांकानं परत घेतली की ४०९ येतो, आणि अपडेट करूनही दिसत नाही.

टिळकवाडी_पायथन
डिलीट केलेला इव्हेंट 'कॅन्सल्ड' स्थितीत राहतो, आयडी मोकळा होत नाही. अपडेटमध्ये स्टेटस 'कन्फर्म्ड' पाठवा, परत येईल.