अँड्रॉइड स्टुडिओसाठी लॅपटॉप: आय७-१२५५यू की आय५-१२४५०एच?

प्रश्न:
अँड्रॉइड स्टुडिओ (ॲप बनवायचं सॉफ्टवेअर), एम्युलेटर (संगणकावर चालणारा आभासी फोन) आणि सोबत ब्राउझरचे पंधरा-वीस टॅब, एवढं रोजचं काम. तीन मॉडेलांवर येऊन अडलोय, त्यांचे प्रोसेसर असे: आय७-१२५५यू (८ जीबी रॅम), आय५-१२४५०एच (१६ जीबी) आणि रायझन ५ ७५२०यू (१६ जीबी). आय७ला १० कोअर, आय५ला ८. मग आय७च वरचढ ना?

उत्तर १:
या कामाला नाही. त्या १० कोअरची फोड करून बघा: १२५५यूमध्ये २ परफॉर्मन्स (वेगवान) आणि ८ एफिशियन्सी (कमी वीज खाणारे) कोअर, तर १२४५०एचमध्ये ४ आणि ४. हायपरथ्रेडिंग, म्हणजे एका कोअरवर एकाच वेळी दोन कामं (थ्रेड) चालवणं, फक्त परफॉर्मन्स कोअरना असतं, त्यामुळे थ्रेड दोन्हीकडे १२च. खरा फरक शेवटच्या अक्षरात आहे. यूची बेस पॉवर १५ वॅट, एचची ४५. बिल्ड (कोडपासून ॲप तयार होणं) दोन-चार मिनिटं चालला की यू चिप टर्बोवरून, म्हणजे तात्पुरत्या वाढीव वेगावरून, खाली येते, एच तग धरते. शिवाय ८ जीबीत विंडोज, स्टुडिओ आणि एम्युलेटर मावत नाहीत. डेटा एसएसडीवर ढकलला जातो आणि सगळंच अडखळतं, प्रोसेसर कितीही चांगला असो.

एचची किंमत बॅटरीत मोजावी लागते, चार्जरही जड असतो. आणि त्याचे अंगभूत ग्राफिक्स निम्मे आहेत, ४८ युनिट, १२५५यूमध्ये ९६. कोडिंगला चालतात, गेमिंगला नाही.

उत्तर २:
७५२०यू यादीतून काढाच. रायझन ७००० मालिकेत तिसरा आकडा आर्किटेक्चर सांगतो. इथे तो २, म्हणजे एएमडीचं जुनं झेन २ आर्किटेक्चर, तेही ४ कोअर. ७५३०यूमध्ये झेन ३ आणि ६ कोअर मिळतात. नावात एका आकड्याचा फरक, कामात मात्र फार मोठा.

प्रश्नकर्ता:
मग एच घेतो. हातात आल्यावर काय तपासू?

उत्तर ३:
आधी रॅम. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. सुट्या रॅमच्या मशिनमध्ये १६ जीबीची एकच पट्टी असेल तर सिंगल चॅनल चालतोय, म्हणजे रॅमशी डेटाची देवाणघेवाण एकाच मार्गाने. अंगभूत ग्राफिक्सला त्याचा सर्वांत जास्त फटका बसतो. ८ अधिक ८च्या दोन पट्ट्या बऱ्या.

मग चार्जर लावून, पॉवर मोड सर्वांत वर ठेवून दहा मिनिटं सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी चाचणी) चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या मोजमापाच्या ॲपमध्ये 'सीपीयू पॅकेज पॉवर', म्हणजे प्रोसेसर किती वॅट खातोय, ते बघत राहा. सुरुवातीचा उंच आकडा सोडून द्या, शेवटी कुठे स्थिरावतो तेच महत्त्वाचं. तापमान ९५ अंशांच्या आसपास आणि वॅट घसरत असतील, तर कूलिंग कमी पडतंय. तापमान ७५लाच थांबलंय आणि वॅटही वर जात नाहीत, तर कंपनीनेच मर्यादा घातली आहे. अशा वेळी निर्मात्याच्या कंट्रोल ॲपमधला परफॉर्मन्स मोड लावून पुन्हा मोजा. तरीही स्थिरावलेला आकडा २० वॅटच्या आतच राहिला, तर एच असून उपयोग नाही. परत करण्याची मुदत संपायच्या आत ही चाचणी उरका.