प्रतिबिंब टिपायचं की तयार करायचं? बोर्डीच्या फोटोवरून चर्चा

गोदाकाठ:
आपल्या नाशिकच्या फोटो ग्रुपचा या महिन्याचा विषय ‘प्रतिबिंब’ होता. पहिला आलेला फोटो पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीच्या किनाऱ्याचा. मागे सुरूची झाडं, डोक्यावर टोपली घेऊन चाललेली बाई, आणि खाली ओल्या वाळूत दोघांचं लख्ख प्रतिबिंब. नंतर फोटो काढणाऱ्यानेच सांगितलं की वाळू कोरडी होती, वरचा भाग उलटा करून खाली जोडलाय. माझं स्पष्ट मत आहे, हा फोटो या विषयात धरू नये. चित्र देखणं आहे, पण ज्या गोष्टीसाठी पहिला नंबर दिला तीच तिथे नव्हती.

नीट बघितलं तर ते कळतंही. वर टोपली झाडांच्या शेंड्यांपेक्षा बरीच खाली आहे, आणि खालच्या प्रतिबिंबातही अगदी तितकीच. खरं प्रतिबिंब असं नसतं. कॅमेरा पाण्याच्या वर जितका, तितकाच खाली नेऊन वर बघावं, तसं दृश्य पाणी दाखवतं. म्हणून जवळची बाई मागच्या झाडांपेक्षा उंच झालेली दिसते, टोपली आकाशात जाते आणि तिचा तळ दिसतो. प्रतिबिंबाची सगळी मजा या फरकात आहे हो!

सातपूरकर:
सर, पटलं नाही. नाशिककराच्या वाट्याला समुद्र कितीसा येतो? त्र्यंबक, जव्हार करत घाट उतरून पोचायचं, हातात एकच संध्याकाळ, आणि नेमकी वाळू कोरडी. मनात जे चित्र होतं ते त्याने घरी पूर्ण केलं, यात गुन्हा काय? लाँग एक्स्पोजरने, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून, लाटांचं धुकं केलं की आपण टाळ्या वाजवतो. डोळ्यांना लाट तशी कधी दिसते का? दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. पडद्यावरचे चमत्कार त्यांनी कॅमेऱ्याच्या करामतीनेच उभे केले आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. मग इथेच सोवळं का?

ओहोटी:
सातपूरकर दादा, फाळक्यांचे चमत्कार बघणाऱ्याला गोष्ट म्हणूनच दाखवलेले होते. इथे बघणाऱ्याला कोणी काही सांगितलं नव्हतं.

आणि वाळू कोरडी मिळण्याबद्दल. माझं माहेर पालघरकडचं, आमच्याकडे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथी गुणिले पाऊण. पौर्णिमेला १५ गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास भरती, तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण हिवाळ्यात पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास गेलात तर सूर्य मावळताना पाणी उतरलेलं सापडतं. उधाणाचे दिवस असल्यामुळे ते लांबवर आत जातं, आणि किनारा सपाट असल्याने मागे राहिलेला पातळ थर लगेच निथळत नाही. लाट मागे सरकली की लगेच क्लिक करायचं. कॅमेरा गुडघ्याच्या खाली आणा. सरळ खाली बघितलं तर पाणी जेमतेम २ टक्के प्रकाश परत देतं. नजर तिरपी होत जाते तसं प्रतिबिंब उजळतं. सीपीएल, म्हणजे चकाकी कमी करणारा फिरता फिल्टर, काढून ठेवा, तो चुकीच्या कोनात फिरला की प्रतिबिंबच पुसतो. फोकस झाडांवर करा, वाळूवर नाही, कारण वाळूत दिसणारं झाडही लेन्सच्या दृष्टीने तितकंच लांब असतं.

एडिटिंगला माझा विरोध नाही. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, फिकीच असते, शॅडोज म्हणजे गडद भाग उचला, रंग खुलवा. फक्त प्रतिबिंब वरच्या आकाशापेक्षा उजळ करू नका. आकाशावर जीएनडी, म्हणजे वरच्या अर्ध्या भागाचा उजेड कमी करणारा फिल्टर, जास्त चढवला की हमखास तसं होतं आणि फोटो लगेच खोटा वाटायला लागतो.

पेठरोड:
फियाप आणि पीएसए या फोटोग्राफी संस्थांच्या स्पर्धांमध्ये नेचर विभागात काही जोडायला किंवा काढायला परवानगी नाही, ओपनमध्ये म्हणजे खुल्या विभागात मोकळीक आहे. आपणही दोन विभाग करू.

सातपूरकर:
ताई, तिथीचा हिशेब लिहून ठेवला, पुढच्या वेळी नक्की वापरणार. पण मुद्दा सोडत नाही. वाळूवरचा चहाचा कप पुसलेला चालतो ना सगळ्यांना? मग रेषा कुठे मारायची ते तुम्ही सोयीने ठरवताय. आणि पेठरोड, दोन विभाग केले की दुसऱ्याकडे सगळे कमीपणानेच बघणार. मेहनत तिथेही असते.

गोदाकाठ:
कप पुसला तर तसं लिहावं, मला चालेल. विषय कपाचा नव्हता, प्रतिबिंबाचा होता, आणि रेषा मी तिथेच मारतो. पुढच्या महिन्यापासून निवडलेल्या फोटोची रॉ मागवावी असं मी ॲडमिनना सुचवतोय.

सातपूरकर:
मग मोबाइलवाल्यांचं काय? निम्मा ग्रुप मोबाइलवर काढतो. आजचा मोबाइल स्वतःच चार-पाच फ्रेम जोडून एक फोटो देतो. ते जोडकाम नाही का?

गोदाकाठ:
जोडकाम आहेच, पण त्या सगळ्या फ्रेम त्याच वाळूच्या आणि त्याच क्षणाच्या असतात. रॉ नसेल त्यांनी मोबाइलमधून निघालेली मूळ फाइल द्यावी, काहीही न करता. बोर्डीचा तो फोटो ओपनमध्ये आला तर माझं मत त्यालाच पडेल.