पोकलेनच्या बकेटला कवच: बदलायचे भाग की वेल्डिंगचा थर?

कातळकडा (मूळ धागा)

वीस टनी पोकलेनच्या बकेटला साधारण पाच दात असतात, आणि बहुतेक साइटवर बकेटची निगा म्हणजे या पाच दातांची निगा. दात झिजले, नवे आणले, हेल्परने हातोडा मारून पिन बसवली, विषय संपला. दोन दातांमधली लिप (बकेटची पुढची जाड, कापणारी पट्टी), दोन्ही कोपरे आणि बुडाचा मागचा वळसा यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. दगडात चालणाऱ्या बकेटला या तिन्ही जागी बदलता येणारे भाग हवेतच, वेल्डिंगचे थर चढवत बसणं ही खोटी काटकसर आहे, असं माझं ठाम मत.

या वर्गाच्या मशीनला लिप साधारण ४० मिलिमीटर जाडीची असते. ती निम्म्यावर आली की भाराखाली लवते. लिप लवली की अडॅप्टरच्या (दात ज्यावर बसतो त्या, लिपला वेल्ड केलेल्या तुकड्याच्या) वेल्डला तडा, आणि मग अडॅप्टर दातासकट जागा सोडतो. दात बदलायला दहा मिनिटं पुरतात. लिप बदलायची तर बकेट उतरवून गॅस कटरखाली घालावं लागतं, तेवढे दिवस मशीन उभं.

त्यापेक्षा पाच दातांमधल्या चार फटींना चार लिप श्राउड (लिपवर बसणारी पोलादी कवचं), दोन बाजूंना बोल्टचे साइड कटर (कोपरे वाचवणाऱ्या पट्ट्या), मागच्या वळशाच्या दोन्ही टोकांना हील श्राउड. झिजायचं ते यांनी झिजावं, बकेट शाबूत राहावं. पुण्याजवळच्या मोशी, वाघोलीच्या खाणींत किंवा बाणेर-खराडीच्या बेसमेंटमध्ये ब्रेकरने फोडलेला कातळ भरायचा असेल तर मला दुसरा मार्ग दिसत नाही. विरोधी मतांचं स्वागत.

भोसरीचा वेल्डर

असहमत. आधी वजनाचं बोला. हे सगळं मिळून सव्वाशे-दीडशे किलो धरा. बकेट ०.९ घनमीटरचं, फोडलेला दगड घनमीटरला साधारण १.७ टन, म्हणजे फेरीला दीड टन माल. तुमचं कवच त्याच्या दहाव्या हिश्शाइतकं, आणि ते प्रत्येक फेरीला उचलायचं, रिकामं परतताना सुद्धा. डिझेल काय फुकट येतं?

दुसरं, श्राउड लावला की लिपची धार बोथट होते. मुरमात आणि मऊ पाषाणात बकेट घुसलं पाहिजे. घुसत नाही म्हणून ऑपरेटर आर्मने जोर लावतो, मशीन पुढून उचललं जातं आणि झीज होते ती वेगळीच. त्यापेक्षा लिपवर आणि बुडाला हार्डफेसिंगच्या, म्हणजे कडक धातूच्या वेल्डच्या, रेघा मारा. क्रोमियम कार्बाइडची वेल्डिंग कांडी ५५ ते ६० रॉकवेल कडकपणा देते. पैसेही कमी, वजनही कमी.

कातळकडा

वेल्डरसाहेब, वजनाचा हिशेब बरोबर, पण दगडात मशीन वजनाने अडत नाही, बकेटच्या मापाने अडतं. मोठे डबर आले की बकेट पुरतं भरतच नाही, मग दहा टक्के माल कमी होतो कुठे? डिझेलचं म्हणणं मान्य.

हार्डफेसिंगचं मात्र अजिबात पटत नाही, आणि त्याला कारण पुण्याचा दगड. आपला काळा कातळ म्हणजे बेसाल्ट. त्यात सुटं क्वार्ट्झ फार थोडं, पोकळ्यांमध्ये गारगोटी भरलेली असेल तेवढीच. म्हणजे नदीच्या वाळूसारखा तो पोलाद खरवडत नाही, ठोकर मारतो. आणि क्रोमियम कार्बाइडचा थर ठोकरेला काचेसारखा. त्यात आडव्या बारीक भेगा पडतातच, तो त्याचा स्वभाव आहे, दोष नव्हे. पण दोन-तीन थरांच्या वर गेलात आणि खाली धक्का बसला, की भेगेपासून अख्खी खपली सुटते. वाळूच्या घाटावर उत्तम असलेली कांडी इथे खपल्या टाकते.

आणि दातांवर तर कोणी वेल्डिंग मारूच नये. चांगला दात उष्णोपचार करून ४५० ते ५०० ब्रिनेलला (कडकपणाचं दुसरं माप) आणलेला असतो. त्यावर आर्क फिरवला की खालचं पोलाद मऊ पडतं. वरून कडक, आतून नरम: वाकतो किंवा मोडतो.

मुरूमवाले काका

दोघांचंही अर्धं बरोबर. मशीन कुठे चालतं ते आधी सांगा की! ज्याचं मशीन वर्षातले आठ महिने काळ्या मातीत, मुरमात, पाइपलाइनच्या चरात असतं त्याने लिप श्राउड कशाला लावावेत? त्याला साइड कटर पुरतात. चराच्या भिंतीला कोपराच आधी घासतो आणि तो कापला गेला की चराची रुंदीही कमी भरते. दोन-तीन बोल्ट एका बाजूला, १०.९ ग्रेडचे. पहिल्या शिफ्टनंतर पुन्हा आवळा, कारण रंग आणि गंज दबून बोल्ट सैल पडतात. सैल कटर हलत राहिला की भोक लंबगोल होतं आणि मग कुठलाच बोल्ट टिकत नाही.

मँगनीज पोलादाचे दात ‘कधीच झिजत नाहीत’ म्हणून विकतात, त्यावरही एक शब्द. हॅडफिल्डने १८८२ मध्ये शोधलेलं हे पोलाद, ११ ते १४ टक्के मँगनीज. नवं असताना जेमतेम २०० ब्रिनेल, ठोके खाऊन ५०० च्या आसपास कडक होतं. मुरमात ठोके कुठले? तिथे ते मऊच राहतं आणि खडूसारखं झिजतं. क्रशरच्या जबड्यात ते शोभतं, मुरमातल्या दाताला साधं मिश्र पोलाद बरं.

खडी मशीन, लोणीकंद रोड

इथे सगळे झिजण्यावर बोलताय, हरवण्यावर कोणीच नाही. दात निसटून टिपरमध्ये गेला तर थेट प्रायमरी जॉ क्रशरच्या, म्हणजे दगड पहिल्यांदा फोडणाऱ्या जबड्याच्या, तोंडात. पट्ट्यावरचा चुंबक जॉच्या पुढे असतो, म्हणजे वेळ टळून गेल्यावर. त्यात मँगनीजचा दात असला तर चुंबकाला तो दिसतच नाही, ते पोलाद चुंबकाला धरत नाही. पाच किलोचा दात जॉ प्लेटमध्ये अडकला की टॉगल (जबड्याला मागून आधार देणारी पट्टी) जातो, कधी त्याच्याही पलीकडचं.

तेव्हा बदलायचे भाग जितके जास्त, तितके सुटून पडायचे भाग जास्त. कातळकडांनी याचं उत्तर द्यावं.

कातळकडा

प्रश्न रास्त आहे. दात पडतो तो बहुतेक वेळा दाताच्या चुकीने नाही, नाक झिजल्यामुळे. अडॅप्टरचं जे टोक दाताच्या खोबणीत जातं त्याला नाक म्हणतो. दात भोक पडेपर्यंत चालवला की दगड थेट नाकाला लागतो. मग नवा दात त्यावर खुळखुळतो, आणि पिन किती का नवी असेना, हलत हलत बाहेर येते. म्हणून दात निम्म्या लांबीला आला की काढायचा. वरून-खालून सारखा असेल तर मधल्या काळात उलटा करून लावायचा, कोपऱ्यातले दात लवकर झिजतात म्हणून ते मधल्यांशी अदलाबदल करायचे.

बाजूने पिन बसणाऱ्या दाताची रीत अशी. बकेट लाकडी ठोकळ्यावर टेकवून, इंजिन बंद, सेफ्टी लिव्हर लॉक. नाकाची माती वायर ब्रशने पूर्ण काढा. तिथे चिकटलेला मुरूम दात पूर्ण बसू देत नाही. लॉक म्हणजे ती वाकडी रिंग नाकाच्या खाचेत, मग दात सरकवायचा, आणि पिन लॉकच्या विरुद्ध बाजूने ठोकायची, पिनची खाच लॉकमध्ये बसेपर्यंत. काढताना उलट, लॉकच्या बाजूने. जुना लॉक पुन्हा वापरू नका, बिघाड तिथेच होतो. चष्मा घाला, कडक पोलादावर हातोडा मारला की कपची उडते.

आणि जेवणाच्या सुट्टीत दात मोजा. पाच म्हणजे पाच.

भोसरीचा वेल्डर

बरं, बदलायचे भाग लावा म्हणता. पण अडॅप्टर आणि श्राउडचं बूड लिपवर लागतं ते वेल्डिंगनेच ना? आणि तिथेच निम्मे लोक घोळ घालतात. लिप आणि अडॅप्टर दोन्ही १५० ते २०० अंशांना तापवायचे, नुसता टॉर्च फिरवून अंदाजाने नाही, तर टेम्परेचर चॉकने (ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या खडूने) तपासून. कांडी ई ७०१८, ३०० ते ३५० अंशांत तासभर भाजलेली. पावसाळ्यात उघड्या पाकिटातली कांडी मारली की हायड्रोजनने दुसऱ्या दिवशी तडा. वेल्ड लिपच्या पुढच्या कडेपर्यंत न्यायचा नाही, कडेपाशी संपवलेला वेल्ड म्हणजे तड्याला आमंत्रण. झाल्यावर गोणपाटाखाली सावकाश थंड करा, पाणी मारू नका. आणि अर्थ केबल बकेटलाच, वेल्डच्या जवळ, गंज घासून लावा. ती अंगाला, चासीला लावली की करंट बकेटच्या पिन-बुशमधून वाहतो आणि बुशवर खड्डे पडतात. बॅटरी सोडायला विसरू नका.

बुडाला ४५० ब्रिनेलची हार्डॉक्ससारखी (झीज सोसणारी कडक) प्लेट लावली तर तापमान २५० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर पैसे घालून साधी पत्राप्लेट लावल्यासारखं. एवढं सांभाळणारा वेल्डर असेल तर मी बुडाला प्लेटच लावीन, हील श्राउड नाही. आतल्या बाजूला मात्र चॉकी बार (वरून कडक, खाली मऊ पोलाद असलेल्या खाचांच्या पट्ट्या) बरे, त्यांचं खालचं पोलाद मऊ असल्याने सरळ वेल्ड होतात.

मुरूमवाले काका

जुन्या मशीनबद्दल कोणी बोलेल का? लिप आधीच निम्मी गेली आहे, त्यावर श्राउड लावायचा?

कातळकडा

नाही. आधी दोन दातांच्या मधोमध, कडेपासून चार बोटं आत जाडी मोजा. चाळीसची लिप तिथे पंचवीसच्या खाली भरली तर तिच्यावर श्राउडच काय, नवे अडॅप्टरही लावू नका. लवणाऱ्या पट्टीवर काहीही वेल्ड केलं तरी पहिल्याच मोठ्या डबराला सुटतं. लिप बदला, आणि नव्या लिपवर पहिल्या दिवसापासून श्राउड.

भोसरीचा वेल्डर

जाडीचं मान्य. श्राउडचं अजून नाही.