प्रति: पॅकेजिंग म्हणजे नुसता डबा?

फायबरला जोडायच्या लेझरमध्ये खरा खर्च चिपचा, पॅकेजिंग (चिप फायबरशी जुळवून पक्की बसवणं) म्हणजे नुसता डबा, हे वरचं म्हणणं पटलं नाही. उष्णतेने लेझरची तरंगलांबी सरकते हा मुद्दा मात्र बरोबर. १५५० नॅनोमीटरचा डीएफबी लेझर (एकाच तरंगलांबीचा प्रकाश देणारा) दर अंशाला साधारण ०.१ नॅनोमीटर सरकतो, म्हणजे आठेक अंशांत ०.८ नॅनोमीटरवरच्या शेजारच्या चॅनेलमध्ये, म्हणजे दुसऱ्या सिग्नलच्या तरंगलांबीवर, जाऊन बसतो.

पण अ‍ॅरेच्या (रांगेतल्या अनेक लेझरच्या) कलण्याबद्दल इथे कुणीच बोललं नाही. एकच लेझर असेल तर फायबर इकडेतिकडे सरकवून पॉवर सर्वात जास्त मिळाली की काम झालं. बारा लेझर २५० मायक्रॉनच्या अंतराने रांगेत असले की पहिला ते शेवटचा अंतर २.७५ मिलिमीटर. पहिला अगदी अचूक जुळवलात आणि फायबरचा व्ही-ग्रूव्ह ठोकळा (व्ही आकाराच्या खाचांत फायबर बसवलेला) फक्त ०.०२ अंशाने तिरका राहिला, तरी बारावा एक मायक्रॉनने चुकतो. टोकाला भिंगाचा आकार दिलेले फायबर असतील तर तेवढ्यात तिथला तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास प्रकाश गेला! म्हणून पॉवरमीटर दोन्ही टोकांच्या चॅनेलवर (पहिल्या आणि बाराव्या लेझर-फायबर जोडीवर) एकाच वेळी लावतात.

आमच्याकडे एकदा हे सगळं नीट करूनही यूव्ही दिव्याखाली गोंद पक्का होताना बारावा चॅनेल डोळ्यांदेखत खाली आला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर ठोकळ्याच्या एका कडेला गोंदाचा थेंब जाड. सुकताना गोंद आकसतो, आणि जिकडे जास्त तिकडे ठोकळा ओढला जातो. दोन्ही कडांना सारखे, बारीक थेंब द्यायला लागलो तेव्हा कुठे तो त्रास थांबला.