पोर्टेबल ब्लॅक-अँड-व्हाइट टीव्ही : चित्र खालून दबतं आणि एक काळा पट्टा वर सरकतो

जुनापडदा :
12 इंची पोर्टेबल सेट आहे, मेन्स आणि 12 व्होल्ट बॅटरी दोन्हींवर चालणारा. आत ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) आणि ट्रान्झिस्टरचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग). दोन तक्रारी आहेत.

एक, थंड सेट चालू केला की चित्राचा खालचा भाग दबलेला असतो. तळाच्या चार-पाच सेंटिमीटरमध्ये ओळी एकमेकींवर चढून पांढरी पट्टी दिसते. दहा-पंधरा मिनिटांत बरंचसं सुधारतं, पण पूर्ण नाही. हाइटचा प्रीसेट (चित्राची उंची ठरवणारा आतला छोटा फिरवता कंट्रोल) जवळजवळ टोकाला गेलाय.

दोन, एक रुंद काळसर पट्टा हळूहळू वर सरकतो आणि तो जिथे असतो तिथे उभ्या रेषा वाकतात. बॅटरीवर हा पट्टा नाहीसा होतो, खालचं दबणं मात्र तसंच राहतं. व्हर्टिकलचा आयसी (चित्र वर-खाली पसरवणारी चिप) बदलायचा विचार आहे. सुरुवात तिथूनच करू का?

गरमसोल्डर :
आयसीला एवढ्यात हात लावू नका. हे दोन वेगळे बिघाड आहेत आणि बॅटरीच्या चाचणीने ते तुम्हीच वेगळे करून ठेवलेत.

आधी पट्टा. ब्रिज धड असेल तर डीसीवरची लहर 100 हर्ट्झची असते, म्हणजे पडद्यावर दोन पट्टे दिसायला हवेत. एकच पट्टा म्हणजे लहर 50 हर्ट्झची, म्हणजे ब्रिजचा एखादा डायोड ओपन (आतून तुटलेला) आहे किंवा त्याच्या पायाशी ड्राय सोल्डर (नीट न धरणारा जोड) आहे. डायोड तापतात, तिथलं सोल्डर वर्षानुवर्षं भाजून पायाभोवती बारीक गोल चीर पडते. भिंगातून बघा.

डायोड तपासताना ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीची एक वायर सोडवा. नाहीतर वाइंडिंगमधून शेजारचा डायोड मोजला जातो आणि ओपन डायोडही मीटरवर चांगला दिसतो. सगळे चांगले निघाले तर मोठा फिल्टर कंडेन्सर बघा, बहुतेक सेटमध्ये तो 2200 मायक्रोफॅरडच्या आसपास असतो. शेवटी रेग्युलेटरच्या आधी आणि नंतर व्होल्टेज मोजा. चॅसिसवर किंवा लेबलवर किती हवं ते छापलेलं असतं, साधारण 11 व्होल्टच्या आगेमागे.

उभीरेघ :
वरचं सगळं बरोबर. आता दबण्याकडे.

थंड असताना वाईट आणि तापल्यावर बरं, ही सुकलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरची खूण. तापमान वाढलं की त्याचा आतला रोध उतरतो. आयसी किंवा ट्रान्झिस्टर जात असेल तर बहुधा उलटं होतं : सुरुवातीला चित्र ठीक आणि तापल्यावर आखडतं.

पहिला संशय योकच्या (ट्यूबच्या मानेवरच्या, किरण वळवणाऱ्या कॉइलच्या) मालिकेतल्या कपलिंग कंडेन्सरवर, बहुधा 1000 मायक्रोफॅरड, 16 किंवा 25 व्होल्ट. उभ्या योकचा सगळा प्रवाह त्यातूनच जातो. क्षमता घटली की स्कॅनच्या शेवटापर्यंत प्रवाह टिकत नाही आणि स्कॅनचा शेवट म्हणजेच चित्राचा तळ. वरचा भाग दुमडत असता किंवा वर रिट्रेसच्या (किरण तळातून पुन्हा वर जातानाच्या) तिरप्या रेघा दिसत असत्या, तर मी आधी व्हर्टिकलच्या सर्किटमधला बूटस्ट्रॅपचा कंडेन्सर (100 मायक्रोफॅरडच्या आसपास) बघितला असता.

खात्री करायची सोपी रीत : सेट बंद करा, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा नवा कंडेन्सर ध्रुव जुळवून जुन्याला समांतर टाका, मग चालू करा. तळ लगेच सुटला तर चोर सापडला. कंडेन्सर लीक (आतून प्रवाह गळणारा) असेल तर मात्र ही चाचणी फसते, तेव्हा जुना काढूनच नवा लावावा लागतो.

गरमसोल्डर :
एक राहिलं. हाइट वाढत नाही म्हणून रेग्युलेटरचा प्रीसेट चढवू नका. या सेटमध्ये पिक्चर ट्यूबचा हीटर सहसा त्याच लाइनवर असतो आणि ईएचटी (ट्यूबला लागणारं हजारो व्होल्टचं व्होल्टेज) हीसुद्धा तिच्याबरोबर वाढते. चित्र मोठं दिसेल, ट्यूब लवकर जाईल.

तांब्याचीतार :
उघडण्याआधी : ट्यूबच्या अ‍ॅनोडवर 10 किलोव्होल्टच्या घरात दाब असतो आणि सेट बंद केल्यावरही तो राहतो. प्लग काढा. इन्सुलेटेड मुठीच्या स्क्रूड्रायव्हरला क्लिपने वायर जोडा, वायरचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवरच्या अर्थच्या वेणीला लावा, मग ट्यूबच्या काचेवरच्या रबरी टोपीखाली (तिथेच हा दाब असतो) पातं सरकवा. थोड्या वेळाने परत करा, थोडा चार्ज पुन्हा गोळा होतो.

काम करताना पडद्यावर नुसती आडवी रेघ उरली तर ब्राइटनेस लगेच खाली, नाहीतर फॉस्फर कायमचा जळेल.

आणि सगळ्यात जास्त सेट जिथे बिघडवले जातात ती जागा : "उघडलंच आहे तर सगळेच इलेक्ट्रोलिटिक बदलू" म्हणणाऱ्यांनी आडव्या योकच्या मालिकेतला कंडेन्सर नीट बघावा. तो काही मायक्रोफॅरडचा, ध्रुव नसलेला, जास्त प्रवाहाचा खास नग असतो. तिथे साधा इलेक्ट्रोलिटिक लावला तर काही मिनिटांत तापून फुगतो, कधी फुटतो. तो चांगला असेल तर तिथे हात न लावलेला बरा.

जुनापडदा :
ब्रिजच्या एका डायोडचा पाय सोल्डरमध्ये अक्षरशः हलत होता. पाय खरवडून नवं सोल्डर दिल्यावर पट्टा गेला. योकचा कंडेन्सर काढून मोजला : 1000चा होता, मीटरने 140 दाखवले. खाली बोर्डवर चिकट तपकिरी डाग आहे. नवा 1000 मायक्रोफॅरड, 25 व्होल्टचा लावला, तळ सुटला. पण आता चित्र वर-खाली पडद्याबाहेर जातंय आणि माणसं वरच्या भागात लांबट दिसतात. शिवाय ब्राइटनेस वाढवला की चित्र थोडं फुगतं.

उभीरेघ :
तो डाग कंडेन्सरमधून गळलेल्या इलेक्ट्रोलाइटचा आहे, बोर्डवरचे तांब्याचे ट्रॅक खातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने पुसा, मग ट्रॅकची कंटिन्युइटी बघा.

लांबट डोकी ही टोकाला नेलेल्या प्रीसेटची करणी. आधी पेनाने हाइट आणि लिनियरिटी (ओळींमधलं अंतर सारखं करणारा) या दोन्ही प्रीसेटच्या आत्ताच्या जागा खुणा करून ठेवा. मग हाइट कमी करून वर-खाली बोटभर काळं दिसेल असं करा, लिनियरिटीने वर्तुळ गोल करा आणि शेवटी हाइट पुन्हा वाढवा. दोन्ही एकमेकांवर परिणाम करतात, दोन-तीन फेऱ्या होतील. चेहऱ्यांवरून अंदाज घेऊ नका, वर्तुळाचं टेस्ट पॅटर्न लावा. डीव्हीडी प्लेअर आणि आरएफ मॉड्युलेटर असला की पुरे. सेट अर्धा तास तापल्यावरच हे करा.

गरमसोल्डर :
फुगण्याबद्दल : रेग्युलेटरच्या आउटपुटला मीटर लावून ब्राइटनेस फिरवा. व्होल्टेज पडत असेल तर दोष अजून पुरवठ्यात आहे. फिल्टर कंडेन्सर आणि रेग्युलेटरचा सिरीज ट्रान्झिस्टर बघा. व्होल्टेज स्थिर असेल तर ईएचटी पडते आहे. या सेटमध्ये ईएचटीला वेगळं नियंत्रण नसतं, त्यामुळे कडेला काही मिलिमीटर फुगणं चालायचंच. फुगून फोकसही जात असेल तर ईएचटी रेक्टिफायर किंवा एफबीटी (ईएचटी तयार करणारा फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर) बघा. तिथे साधा मल्टिमीटर लावू नका, हाय व्होल्टेज प्रोबशिवाय ते मोजायचं नाही.