आधी भिंतीला धरून, मग ट्रॅकवर

उलटं, म्हणजे मागे मागे चालल्याने गुडघ्याला खरंच फरक पडतो का, असं बरेच जण विचारतात. माझ्या आईला पडला. तिला गुडघ्याच्या वाटीमागे दुखायचं, जिना उतरताना तर फारच. फिजिओथेरपिस्ट ताईंनी आधी घरातच, भिंतीला हात लावून दहा पावलं मागे चालायला लावली. उलटं चालताना आधी चवडा टेकतो, मग टाच. वाटीवरचा ताण कमी होतो आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंना भरपूर काम मिळतं. शिवाय डोळ्यांचा आधार नसतो, पाय कुठे पडतोय हे सांध्यांनाच ओळखावं लागतं. पहिल्या दिवशी आईची बोटं फरशी चाचपडत होती, अंधारात चप्पल शोधावी तशी. तीन आठवड्यांनी भिंतीवरचा हात सुटला, तेव्हा मला भरून आलं.

आता आम्ही कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जातो. पण सकाळच्या गर्दीत नाही हं! मोकळा, सपाट तुकडा बघायचा. ती उलटी चालते, मी तिच्याकडे तोंड करून सरळ, म्हणजे तिच्या मागून कोण येतंय ते मला दिसतं. चक्कर येत असेल, तोल जात असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. आणि सारखी मान वळवून मागे बघू नका, आईचा तोल दोनदा तसाच गेला होता.