मदत हवी आहे: मिडलवेअरमधून रिस्पॉन्स लॉग करायला घेतला आणि सर्व्हर पडायला लागला (मायक्रोसॉफ्टचं डॉट नेट ८)

नमस्कार मंडळी,

एका दूध संघासाठी आम्ही संकलनाचं सॉफ्टवेअर चालवतो. केंद्रावर दूध मोजलं की ॲपमधून लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) सर्व्हरवर येतात आणि दर परत जातो. गेल्या महिन्यात एका शेतकऱ्याच्या पावतीवर फॅट ४.१ होती, बिलात मात्र ३.१ लागली. चूक केंद्रावर झाली, ॲपमध्ये की आमच्याकडे, हे सांगायला माझ्याकडे एकही ओळ नव्हती. त्या माणसाचे पैसे कापले गेले आणि मी नुसती 'बघते' म्हणाले. ते मनातून जात नाही. म्हणून आता काय आलं (रिक्वेस्ट) आणि आम्ही काय दिलं (रिस्पॉन्स), दोन्ही मिडलवेअरमध्ये, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्ट ज्यातून जाते त्या मधल्या कोडमध्ये, जसंच्या तसं लिहून (लॉग करून) ठेवायचं आहे.

रिक्वेस्टचं जमलं. आधी मी बॉडी (आत आलेला मजकूर) वाचून लॉग करायचे आणि कंट्रोलरला (रिक्वेस्टवर प्रत्यक्ष काम करणाऱ्या कोडला) काहीच उरायचं नाही, बॉडी रिकामी आहे म्हणून ४०० परत. स्ट्रीम (बाइट्सचा प्रवाह) एकदाच वाचता येतो, हे तेव्हा कळलं. एनेबलबफरिंग लावलं (म्हणजे तो पुन्हा वाचता येतो), वाचून झाल्यावर पोझिशन शून्यावर आणली, रीडरला लीव्हओपन दिलं (म्हणजे तो स्ट्रीम बंद करत नाही), की सुरळीत.

अडलंय ते रिस्पॉन्सवर. तो स्ट्रीम वाचताच येत नाही, म्हणून त्याच्या जागी यूझिंगमध्ये (काम संपताच आपोआप बंद होईल असा) मेमरीस्ट्रीम ठेवते, पुढचं मिडलवेअर चालवते, मग मजकूर लॉग करून मूळ स्ट्रीममध्ये कॉपी करते. यात दोन त्रास आहेत:

१. दर दहा दिवसांनी बिलं निघतात तेव्हा सगळी केंद्रं एकदम रजिस्टर डाउनलोड करतात. एकेक फाइल ४० एमबीपर्यंत जाते. सर्व्हर ज्या कंटेनरमध्ये चालतो त्याला ५१२ एमबी मेमरी दिली आहे, तो मरतो.

२. कंट्रोलरमध्ये एक्सेप्शन (चालताना झालेली चूक) आलं की ॲपला ५०० (सर्व्हरची चूक) मिळतो, पण एररचा मजकूर रिकामा. सर्व्हरच्या लॉगमध्ये बंद झालेल्या स्ट्रीमवर लिहिल्याची तक्रार दिसते.

कुणी हे नीट केलं असेल तर कृपया सांगा. पुढची बिलं चार दिवसांवर आहेत.

प्रतिसाद १

ताई, दुसरं आधी, कारण ते सोपं आहे. एक्सेप्शन आलं की तुमचा कॉपीचा भाग चालतच नाही. यूझिंगमुळे मेमरीस्ट्रीम बंद होतो, पण रिस्पॉन्सची बॉडी अजून त्याच्याकडेच बोट दाखवत असते. बाहेरचा एक्सेप्शन हँडलर तिथेच लिहायला जातो आणि फसतो. मूळ स्ट्रीम फायनलीमध्ये (एक्सेप्शन आलं तरी चालणाऱ्या भागात) परत जागेवर ठेवा.

मेमरीचं म्हणाल, तर मेमरीस्ट्रीम भरला की दुप्पट आकाराचा नवा ॲरे (मेमरीचा सलग तुकडा) घेऊन जुना त्यात कॉपी करतो. ४० एमबीच्या फाइलला शेवटी ६४ एमबीचा ॲरे लागतो आणि त्या क्षणी जुना ३२ चाही जिवंत असतो. ८५,००० बाइट्सपासून पुढचे ॲरे लार्ज ऑब्जेक्ट हीपवर (मोठ्या तुकड्यांच्या वेगळ्या मेमरीत) जातात, ते जेन २ च्या (क्वचित होणाऱ्या पूर्ण) सफाईशिवाय सुटत नाहीत. वर तुम्ही त्याची स्ट्रिंग करत असाल तर विचारूच नका. रजिस्टरच्या फाइलची बॉडी लॉग करून तसाही काय उपयोग?

माझं मत विचाराल तर स्वतःचं मिडलवेअर काढून टाका. डॉट नेट ६ पासून यूझएचटीटीपीलॉगिंग हे तयार मिडलवेअर आहे. ते बाइट्स थेट पुढे जाऊ देतं आणि स्वतःपुरती प्रत ठेवतं, तीही मुळात ३२ केबीपर्यंतच आणि फक्त जेसनसारख्या मजकुराची. तुमची फॅटची रिक्वेस्ट अर्ध्या केबीचीही नसेल. मात्र बॉडी आपणहून लॉग होत नाही, लॉगिंगफील्ड्समध्ये मागावी लागते. मायक्रोसॉफ्ट डॉट एएसपीनेटकोअरची लॉग पातळी नव्या प्रोजेक्टच्या टेम्पलेटमध्ये वॉर्निंगवर असते, एचटीटीपीलॉगिंगपुरती ती इन्फर्मेशनवर आणा, नाहीतर एक ओळ दिसणार नाही. आणि हे एक्सेप्शन हँडलरच्या आधी लावा, म्हणजे एररचं उत्तरही नोंदलं जाईल.

एक कळकळीने सांगतो. ओळखीच्या नसलेल्या हेडरची (बॉडीआधी येणाऱ्या माहितीच्या ओळीची) किंमत ते झाकतं, बॉडीतलं काहीच झाकत नाही. लॉगिनचा ओटीपी, बँक खाते क्रमांक ज्यांतून जातात ते मार्ग शोधून तिथल्या बॉडीचं लॉगिंग बंद करा. डॉट नेट ८ मध्ये त्यासाठी एचटीटीपीलॉगिंग नावाचं ॲट्रिब्यूट (कोडवर लावायची खूण) आहे.

धागाकर्ती

मनापासून आभार. कंट्रोलरमध्ये मुद्दाम एक्सेप्शन टाकून पाहिलं, ॲपला एररचा पूर्ण मजकूर मिळाला. सहा केंद्रांच्या फाइली एकदम ओढल्या, कंटेनर १८० एमबीच्या वर गेला नाही. संकलनाच्या नोंदीत आता फॅट आलेली आणि दर गेलेला, दोन्ही एकाखाली एक दिसतात.

ओटीपीचं मात्र माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आधीच्या चाचणीच्या फाइलींत शेतकऱ्यांचे खाते क्रमांक सरळ सरळ पडलेत. त्या आता पुसायला घेतल्या आहेत. रात्रीच्या बॅकअपमध्येही त्या गेल्या असतील, तिथून नेमक्या तेवढ्याच कशा काढाव्यात?